मस्कतची बाटली

लेकीची, आवडाची सुपारी फोडायला कन्नड तालुक्याकडचे पाहुणे रविवारी येणार हे पक्कं झालं, तेव्हापासून तात्यासाहेबांच्या डोक्यात मस्कतची बाटली होती. होणारे व्याही आप्पासाहेब फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. माणूस शौकीन आहे पण तोल सोडणारा नाही, असं मध्यस्थानं सांगितलं होतं. अशा माणसापुढं नाक्यावरच्या दुकानातलं काही ठेवायचं म्हणजे शोभाच. घरात मात्र खरी विलायती होती. बायको सारजाबाई यांच्या बहिणीचा मुलगा त्रिंबक मस्कतला फिटर होता, त्यानं तात्यासाहेबांच्या मुलाच्या, बन्सीच्या लग्नात काकांसाठी म्हणून आणलेली. जाड काचेची, लाकडी डोक्याचं बूच असलेली, चांगली लिटरभराची.

तात्यासाहेब पिऊन पिऊन किती पिणार? पाडवा, पोळा, दसरा, दिवाळी या चार सणांना संध्याकाळी औषधाच्या मापानं एक माप, स्टीलच्या पेल्यात, वर माठातलं पाणी. पेला संपला की बाटली पुन्हा आलमारीत. बन्सीची पोरगी शाळेत जायला लागली तरी बाटली निम्म्याच्या वर होती. गावात कोणी दारूपायी वाया गेलं की तात्यासाहेब म्हणायचे, दारू वाईट नाही, तिचा कान आपल्या हातात पाहिजे. हे ते धाकट्या भावासमोरही म्हणायचे, आणि बद्रीनाथ मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

पोलीस अ‍ॅक्शनच्या साली वडील गेले, तेव्हा बद्रीनाथ पाटीवर अक्षरं गिरवत होता. तात्यासाहेबांनीच त्याला वाढवला, शिकवला, लग्न करून दिलं. बायको बाळंतपणात गेली आणि तो दारूला लागला. पुढं मधली बहीण चतुराबाई हिच्या पोरीच्या लग्नात तो भर मांडवात वरमाईच्या अंगावर कोसळला. त्या दिवसापासून त्यानं दारू सोडली ती सोडलीच. चतुराबाईनं मात्र ती गोष्ट सोडली नव्हती. नवरा गेल्यावर ती माहेरी पडेगावला येऊन राहिली होती, आणि मुकुंदवाडीहून बद्रीनाथ आला की एका ओसरीवर बसूनही त्याच्याशी तिसऱ्या माणसामार्फत बोलायची. त्याला सांगा, चहा निवतोय.

मागच्या उन्हाळ्यात बद्रीनाथच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा तात्यासाहेबांनी त्याला हट्टानं घरी आणलं. होळीपासून पोळ्यापर्यंत तो पश्चिमेकडच्या पत्र्याच्या खोलीत होता. आलमारी त्याच खोलीत. तात्यासाहेबांनी त्या वर्षी एकाही सणाला बाटली काढली नाही. भाऊ डोळ्याला हिरवी पट्टी बांधून बसलाय आणि आपण त्याच्यादेखत पेला धरायचा, हे त्यांना बरं वाटलं नाही. पुढं दसरा-दिवाळीलाही तो आला, तेव्हाही नाही. याबद्दल ते कोणाशी बोलले नव्हते.

रविवारी सकाळी पूजा आटोपून ते त्या खोलीत गेले. घडीच्या धोतरांखाली हात घातला, आडवी ठेवलेली बाटली बाहेर काढली आणि सवयीनं खिडकीच्या उजेडात धरली. बुडाशी जेमतेम दोन बोटं उरली होती.

त्यांनी बाटली हलवून पाहिली, जणू बाकीची कुठं वर चिकटून बसली असेल. मागून चतुराबाई कोऱ्या साड्यांचं गाठोडं घ्यायला आली होती. तिनं भावाकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं.

"उन्हाळाभर हितं कोण झोपलं व्हतं, तात्या?" एवढंच ती म्हणाली आणि गाठोडं उचलून गेली.

स्वयंपाकघरात ही बातमी पुरणाच्या वासाबरोबर पसरली. सारजाबाईंनी आधी नवऱ्याचीच बाजू घेतली, मग दिराची, मग कोणाचीच नाही. शेवटी त्या म्हणाल्या की दाढ ठणकायची तेव्हा त्यांनी कापसाचा बोळा दोनदा भिजवला होता, तेवढं आपल्या नावावर धरा. बन्सी वाळूजच्या कंपनीत होता. त्यानंही कान खाजवत कबूल केलं की दिवाळीनंतर एकदा कंपनीतला दोस्त आला होता, त्याला चव म्हणून एक माप दिलं, अंधारात, दिवा न लावता. बापानं त्याच्याकडं असं पाहिलं की एरवी त्यावर तासभर बोलणं झालं असतं. आज तेवढी सवड नव्हती. बोळा आणि माप धरूनही हिशेब कुठं लागत नव्हता.

बन्सीची बायको सुगंधा पोळीची कणीक तिंबत होती. ती म्हणाली की काकांनी घेतली असती तर कळलं असतं, चालणं-बोलणं लपत नाही. त्यावर चतुराबाईनं तिला विचारलं की तू या घरात येऊन किती दिवस झाले, आणि मी त्याला किती वर्षं बघतीय. मग तिनं आवाज खाली आणून सगळ्यांना बजावलं की काही असो, पाव्हण्यांसमोर बद्रीच्या जुन्या भानगडींचा एक शब्दही निघायला नको. सुभेदाराचं घर आहे. पोरीचा चुलता असा होता म्हटलं तर जीप आली तशी वळायची. आवडा दारामागं केसाला तेल लावत होती, तिनं हे ऐकलं आणि फणी खाली ठेवली.

तेवढ्यात बद्रीनाथ मळ्यातून आला. आदल्या दिवशीच येऊन त्यानं हुरड्याची आगटी खणली होती, गोवऱ्या रचल्या होत्या, आणि आता खांद्यावर कोवळ्या कणसांची पेंढी होती. ओसरीवर तात्यासाहेब बसले होते. बाटली त्यांच्या शेजारी जमिनीवर होती.

तात्यासाहेबांना बोलायचं नव्हतं. शपथेवर सांगायचं तर त्यांनी काही ठरवलंही नव्हतं. पण भाऊ समोर आला आणि तोंडातून निघून गेलं.

"बद्री, तू उन्हाळ्यात त्याच खोलीत झोपायचास ना रं?"

बद्रीनाथनं बाटली पाहिली. मग भावाकडं पाहिलं. नव्या चष्म्यामागं त्याचे डोळे मोठे दिसत होते.

"व्हय," तो म्हणाला. "त्याच खोलीत."

त्यानं पेंढी उतरवून भिंतीला नीट टेकवली, रांजणातलं पाणी घेऊन हातपाय धुतले, खुंटीवरची पिशवी घेतली. मुकुंदवाडीला एक काम राहिलंय, आत्ता याद आली, असं सारजाबाईंना सांगितलं आणि वहाणा घालून निघाला. त्याला कोणी हाक मारली नाही. तात्यासाहेबांना मारायची होती, पण काय म्हणून मारायची ते सुचेपर्यंत तो वळणापलीकडं गेला होता.

सारजाबाईंनी सुनेकडं पाहिलं. कणकेचा गोळा तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "जा. डोईवरून पदर घे आन् जा. हितं मी सांगते काय सांगायचं ते."

सुगंधा त्या घरात आली तेव्हा तिचं डी.एड. अर्धं राहिलं होतं. सून रोज शहरात कॉलेजला जाणार ही गोष्ट कोणाच्या गळी उतरत नव्हती. त्या वेळी बद्रीनाथ मुकुंदवाडीहून मुद्दाम आला, भावाच्या पुढ्यात बसला आणि म्हणाला की पोरीला शिकू द्या, आपल्या घरात एक तरी माणूस सुरू केलेलं पुरं करणारं असू द्या. स्वतःवरच बोलला होता, त्यामुळं कोणाला उलट बोलता आलं नाही. आज ती पडेगावच्याच शाळेवर शिक्षिका होती.

दौलताबाद रस्त्यावर लिंबाखाली तो उभा दिसला. औरंगाबादकडं जाणारं काहीतरी मिळेल म्हणून वाट पाहत होता. सुगंधा धापा टाकत आली आणि शेजारी उभी राहिली.  मग ती म्हणाली की सासूबाईंनी बोलावलंय, हुरडा तुमच्याशिवाय कोणाला भाजता येत नाही.

"बन्सीला येतो."

"त्येंनी भाजलेला कोळसा हुतो, काका."

बद्रीनाथ थोडा हसला. तिनं विचारलं की तुम्ही नाही का म्हणाला नाहीत. सरळ सांगायचं, मी नाही घेतली. तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला. मग त्यानं जे सांगितलं ते कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि तिलाही त्यानं तिच्याकडं न बघताच सांगितलं.

बाटली तिथं आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हात लावायचा प्रश्न नव्हता. पण चैत्र उतरला, पत्रा तापायला लागला, आणि संध्याकाळी खाटेवर पडलं की त्याला वास यायचा. दारूचाच. गोडसर, धुरकट. तो उठून बसायचा, नाक धुऊन यायचा, तरी वास यायचा. इतकी वर्षं झाली आणि अजून आपल्या डोक्यातून ती गेली नाही, असं त्याला वाटलं. वरून माणूस सुधारला, आतून सडकाच राहिला. म्हणून तो खाट उचलून अंगणात न्यायचा. घरच्यांना वाटायचं उकडतं म्हणून.

"मंग आज तात्यानं इचारलं," तो म्हणाला, "तवा मला वाटलं, मी नाय म्हणतो खरं, पन माझाच मला भरवसा कुठं हाय? झोपेत उठून घेतली आसंल तर?"

 सुगंधाला एवढंच कळलं की हा माणूस रुसून निघालेला नाही, घाबरून निघालाय, आणि रुसलेल्याला परत आणणं त्यापेक्षा सोपं असतं.

त्याच वेळी दौलताबादकडून एक जुनी जीप आली आणि त्यांच्यापाशी थांबली. पुढं बसलेल्या भरघोस पांढऱ्या मिशांच्या माणसानं मान बाहेर काढून विचारलं की तात्यासाहेबांचं घर कोणत्या बाजूला. मागच्या सीटवर दोन बायका होत्या, एक तरुण मुलगा होता आणि शेल्याखाली झाकलेली परात होती.

बद्रीनाथनं पिशवी पाठीमागं केली. सुगंधानं पाहिलं, त्याचा चेहरा एका क्षणात बदलला. घरी पाव्हणं आलंय आणि आपण पोरीचे चुलते, पाठ फिरवून निघालोय, हे रस्त्यावर दिसणं त्याला मरणाहून वाईट होतं.

"तुमालाच घ्यायला आलो व्हतो, पाव्हणं," तो म्हणाला. "मी बद्रीनाथ. तात्यासाहेबाचा धाकला भाऊ. ही आमची सूनबाई."

"व्हय," सुगंधा म्हणाली. "कवाचे थांबलोय आम्ही."

आप्पासाहेबांनी स्वतः खाली उतरून हात जोडले. फौजेत आयुष्य गेलेल्या माणसाला कोणी वेशीवर येऊन घेतलं की त्याची किंमत कळते. त्यांनी बद्रीनाथला पुढं आपल्या शेजारी बसवलं, पिशवी मांडीवर घेऊ दिली नाही, मागं दिली. सुगंधा बायकांजवळ अंग चोरून बसली.

ओसरीवरून तात्यासाहेबांना जीप दिसली, आणि जीपमध्ये पुढं बसलेला आपला भाऊ दिसला. मिरवणुकीत आणावा तसा. आप्पासाहेब उतरले आणि राम राम झाल्याझाल्या म्हणाले, "तात्यासाहेब, एक गोष्ट बोलतो. लेक बघायला आम्ही आठ ठिकाणं पालथी घातली. रस्त्यापर्यंत माणूस कोणी पाठवला नव्हता. तुम्ही सख्खा भाऊ पाठवला, घरची सून पाठवली."

तात्यासाहेब काहीतरी पुटपुटले. चतुराबाईनं दारातून बद्रीनाथकडं पाहिलं आणि नजर वळवली. सुगंधा सरळ चुलीपाशी गेली आणि सासूला कानात सांगितलं की काकांना आता कोणी काही विचारू नका. सारजाबाईंनी तव्यावरून नजर न हलवता मान हलवली.

दुपारी सगळे मळ्यात गेले. बद्रीनाथनं आगटीत कणसं खुपसली, फिरवली, काढली, हातावर चोळून हिरवे दाणे सुपात पाखडले. लसणाची चटणी, गूळ, कवडीचं दही. आप्पासाहेब मांडी घालून बसले ते उठायचं नाव घेईनात. मुलगा अबोल होता, पण त्यानं तीनदा हुरडा मागून घेतला आणि आवडानं तो वाढला, त्यावरून बायकांना हवं ते कळलं. पोरीला नोकरी करायची असेल तर करू द्या म्हणून सारजाबाईंनी विहिणीपाशी हळूच विषय काढला, तर विहीणच म्हणाली की आमच्या तालुक्याला शाळेत जागा आहे, मी मुद्दाम चौकशी करून आले. सुगंधानं हे ऐकून पदराआड डोळे पुसले.

सगळं चांगलं चाललं होतं, तेवढ्यात आप्पासाहेब मिशीवरचा दाणा झाडत म्हणाले की तुमचा तो त्रिंबक आमच्या मेहुण्याच्या ओळखीचा निघाला. त्यानं सांगितलं, तात्यासाहेबांकडं मस्कतची एक बाटली आहे आणि ते ती फार जपून पितात. सुपारी फुटली की एक एक घोट घेऊ. तोवर दर्शन तरी घडवा.

 आगटीतली गोवरी खाली बसली. तात्यासाहेबांनी एकदा भावाकडं पाहिलं. तो कणसं फिरवत राहिला होता.

"बन्सी," तात्यासाहेब म्हणाले, "घेऊन ये."

बन्सी घरी जाऊन येईपर्यंत चतुराबाईनं तिथंच बसून देवाचं नाव घेतलं. बाटली आली. आप्पासाहेबांनी ती हातात घेतली, वर धरली, आणि तळातली दोन बोटं पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. मग ते थांबले. त्यांनी बुचाकडं निरखून पाहिलं, त्याचं लाकडी डोकं दोन बोटांत धरून फिरवलं. डोकं सुटून हातात आलं. खालचं बूच काळं पडलेलं, वाळलेल्या खपलीसारखं, अर्धं बाटलीत कोसळलं आणि अर्धं त्यांच्या तळहातावर सांडलं. त्यांनी वास घेतला, एक थेंब जिभेवर ठेवला आणि मांडीवर हात मारून हसायला लागले.

"ठेवत होता कशी?"

"आडवी," बन्सी म्हणाला. "धोतराखाली."

"उभी ठेवली आसती तर आलमारी उघडली की दिसायची," सारजाबाई पलीकडून म्हणाल्या. "घरात दहा लोक येत्यात."

"खोली कोणती?"

"पश्चिमेची. पत्र्याची."

आप्पासाहेबांनी डोळे पुसले. मग मेसमध्ये नव्या पोरांना सांगत असावेत तसं त्यांनी समजावून सांगितलं. सीलबंद बाटली नातवाच्या लग्नापर्यंत ठेवा, तिला काही होत नाही. बूच निघालं की तिचं वय सुरू होतं. तरी उभी ठेवली, थंडाव्यात, उजेडापासून लांब, तर निम्म्यापर्यंत वर्ष-दोन वर्षं झकास राहते. त्याखाली गेली की आत हवा जास्त आणि माल कमी. मग हवाच तिची चव खाते. अशा वेळी चार दोस्त बोलवायचे आणि संपवून टाकायची. सावकाश पिणं चांगलं, पण इतकं सावकाश नाही की ती वाट बघून मरावी.

"तुम्ही तर तिला निजवली," ते म्हणाले. "दारूनं बूच खाल्लं, आन् बुचाच्या फटीतून उन्हानं दारू खाल्ली. सगळी वाऱ्यावर गेली, तात्यासाहेब. बाकी ऱ्हायलंय ते लाकूड भिजवलेलं पाणी."

सारजाबाईंना तेव्हा आठवलं की उन्हाळ्यात तळातल्या धोतराला पिवळट डाग पडला होता. उंदरानं घाण केली समजून त्यांनी ते दोनदा रिठ्यात धुतलं होतं.

बद्रीनाथ आगटीपासून उठून उभा राहिला होता. हातातलं कणीस जळत होतं आणि त्याला कळत नव्हतं.

"म्हंजी त्यो वास खरा व्हता," तो म्हणाला.

"कोणता वास?" तात्यासाहेबांनी विचारलं.

चतुराबाईनं त्याला डोळ्यानं खुणावलं, गप. व्याह्यांच्या समोर गप. पण बद्रीनाथ थांबला नाही. त्यानं सगळं सांगितलं. आपण पीत होतो, बहिणीच्या पोरीच्या लग्नात मांडवात पडलो होतो, तेव्हापासून शिवलो नाही. उन्हाळाभर त्या खोलीत वास यायचा आणि वाटायचं तो आपल्याच डोक्यातला आहे. सकाळी भावानं विचारलं तर नाही म्हणायचीही हिंमत झाली नाही. तो सांगत असताना चतुराबाईनं डोळे मिटून घेतले होते. सुगंधा मात्र आप्पासाहेबांच्या चेहऱ्याकडं बघत होती, कारण आवडाचं काय होणार ते तिथंच दिसणार होतं.

आप्पासाहेबांचं हसू गेलं होतं. त्यांनी विचारलं की ज्या भाचीचं ते लग्न, तिला लेकरं किती.

"दोन," बद्रीनाथ म्हणाला. "थोरला हायस्कूलला गेला."

"इतकी वर्षं?" आप्पासाहेबांनी मान हलवली. "पलटणीत आम्ही लई शूर लोक पाहिले. आन् मला डॉक्टरनं महिनाभर सोड म्हणलं तर चौथ्या दिवशी मी डॉक्टर बदलला." मग ते आपल्या मुलाकडं वळले. "ऐकलंस ना? चुलत-सासरा म्हणून यांच्या पाया पडत जा. नुसता वाकू नको, कशासाठी वाकतो ते ध्यानात ठेव."

तात्यासाहेब इतका वेळ बसून होते. त्यांचं तोंड उन्हात बसल्यासारखं लाल झालं होतं. ते उठले आणि व्याह्यांसमोर, बायकांसमोर, होणाऱ्या जावयासमोर म्हणाले, "आप्पासाहेब, सकाळी मी माझ्या भावावर आळ घेतला. तोंडानं नाय, मनानं. तो तुमाला आणायला गेला नव्हता. माझ्या दारातून निघून चालला व्हता. तुमी रस्त्यात भेटला म्हणून परत आला. आमच्या घरात लेक मागताय तर हे बी ठाऊक आसू द्या."

 मग बद्रीनाथनं हातातलं जळकं कणीस आगटीत टाकलं आणि चष्मा काढून बाहीनं पुसला.

"तात्या, तू येवढा शाना माणूस," तो म्हणाला. "मी प्यालो आसतो, तर बुडाशी दोन बोटं ऱ्हायली आसती व्हय?"

आधी आप्पासाहेब हसले, मग बन्सी, मग पलीकडून विहीणबाई. तात्यासाहेबांना हसू आवरेना, ते तोंडावर उपरणं धरून खाली बसले. सगळ्यांत शेवटी चतुराबाई हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग तिनं कोणालाही मध्ये न घालता थेट भावाला सांगितलं, "बद्री, हात काळे झाले तुझे. धुऊन घे."

ऊन उतरल्यावर ओसरीवर पाट मांडले. आवडाला हिरवी साडी नेसवून आणलं, विहिणीनं ओटी भरली. गंध-अक्षता झाल्या आणि सुपारी फोडायची वेळ आली. हे काम घरच्या कर्त्याचं. सगळे तात्यासाहेबांकडं बघत होते. त्यांनी सुपारी आणि दगड उचलला आणि बद्रीनाथपुढं ठेवला. बद्रीनाथ मागं सरकायला लागला, तर आप्पासाहेबांनी दंड धरून त्याला पाटावर बसवला. पहिल्या घावाला सुपारी उडाली ती थेट जावयाच्या खिशाजवळ जाऊन पडली. दुसऱ्याला फुटली. आवडा मोठ्यानं हसली आणि मग तिला आठवलं की आपण हसायचं नसतं.

उरलेली दोन बोटं आप्पासाहेबांनी रुमालातून गाळली, बन्सीला आणि स्वतःला थोडी घेतली, तात्यासाहेबांच्या पेल्यात थोडी ओतली. मस्कतहून आणून इतकी वर्षं जपलेली ती दारू आता उसाच्या चोथ्याचं पाणी लागत होती. तरी तिघांनी ती संपवली. पुढच्या वेळी आपण फौजेच्या कॅन्टीनची आणू, उभी ठेवू आणि बसून संपवू, असं आप्पासाहेबांनी ठरवूनही टाकलं. दिवेलागणीला जीप गेली.

पाहुणे गेल्यावर दोघं भाऊ ओसरीच्या पायरीवर बसले. आत बायका भांडी आवरत होत्या, आवडाला चिडवत होत्या.  तात्यासाहेबांनी भावाकडं न बघता विचारलं, "लई तरास व्हायचा का रं? उन्हाळ्यात?"

"व्हायचा."

"मला सांगायचं नाय?"

"तुला काय सांगू?" बद्रीनाथ म्हणाला. "तुला कवा झालाय? तुझा आपला कान हातात."

तात्यासाहेबांनी पायरीवरचा खडा उचलला, हातात फिरवला, टाकून दिला.

"पोळा झाला की म्या दसऱ्याचे दिवस मोजायचो," ते म्हणाले. "दसरा झाला की दिवाळीचे. दिवाळीनंतर पाडव्यापर्यंत तर लई लांब. रोज मोजायचो, बद्री. औंदा तू घरात व्हतास म्हणून एकदा बी काढली नाय, तर वरीसभर कशात चित्त लागलं नाय. सारजाला बी ठाऊक नाय हे."

बद्रीनाथनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. नव्या चष्म्यातून, चांगलं निरखून.

"म्हंजी माझाच भाऊ हाईस की," तो म्हणाला.